मुदतीचा ताप

शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्यात माजघराच्या फडताळात एक पत्र्याचा डबा असे. मूळचा तो विलायती बिस्किटांचा. झाकणावरची मडम घासून घासून अर्धीच उरली होती. सुंठ, वेखंड, जायफळ, हिरडा ह्यांचा संसार सहाणेपाशी निराळा. ह्या डब्यात फक्त डॉक्टरी औषधे. घरात कुणाला आणलेल्या गोळ्या उरल्या की काकू त्या कागदात बांधीत, पुडीवर ‘तापाच्या’ किंवा ‘हगवणीच्या’ असे शिसपेन्सिलीने लिहीत आणि डब्यात टाकीत. काकूंच्या लेखी अन्न टाकणे जसे पाप तसेच औषध टाकणेही पाप. वाड्यातल्या नऊ बिऱ्हाडांत कुणाचे मूल आजारी पडले की त्याची आई आधी काकूंकडे येई, मग डॉक्टरांकडे जाई. पुष्कळदा जातच नसे.

पुढे चौतीस वर्षे मी शाळेत इतिहास शिकवला. पानिपत शिकवले, फ्रेंच राज्यक्रांती शिकवली, तहांची कलमे मुलांकडून घोकून घेतली. त्या डब्यालाही एक इतिहास आहे आणि तो कराकसपासून कुआलालंपूरपर्यंत आणि टोकियोपासून कालिकतपर्यंत पसरला आहे, हे कळायला मात्र मला सत्तरी उलटावी लागली. फराळाच्या ताटापाशी आतड्याच्या दुखण्यांची गोष्ट काढणे शिष्टसंमत नाही, हे मी जाणतो. परंतु वाचकहो, चकली मोडता मोडता ऐकलीत तरी चालेल. माझ्या घरातली एक जागा ह्या गोष्टीने रिकामी केली आहे, म्हणून ती सांगावीशी वाटते.

माझा थोरला भाऊ, ज्याला आम्ही दादा म्हणत असू, १९४७ च्या उन्हाळ्यात गेला. वय वर्षे चौदा. मी सात वर्षांचा होतो. दादाला ‘मुदतीचा ताप’ झाला होता. आता हा शब्द मागे पडला. लहान पोरेदेखील टायफॉईड म्हणतात. पण जुन्या लोकांनी नाव मोठे नेमके ठेवले होते. हा ताप हळूहळू, पायरीपायरीने चढे, चढला की तिथेच ठाण मांडून बसे, आणि उतरायचाच असेल तर एकवीस दिवसांनी, कधी अठ्ठावीस दिवसांनी उतरे. त्याची मुदत त्याची तो ठरवी. डॉक्टर येत, नाडी पाहत, कागदी खुणांची पट्टी लावलेल्या बाटलीतून लाल मिक्श्चर देत. पण खरा उपचार आईच्या हाती होता. कपाळावर गार पाण्याच्या घड्या, साळीच्या लाह्यांचे पाणी, मोसंब्याचा रस. घन अन्नाचा कण द्यायचा नाही अशी सक्त ताकीद होती, कारण ह्या रोगात आतड्याला आतून व्रण पडतात आणि तिसऱ्या आठवड्यात आतडे फुटण्याचे भय असते. दादा भाकरीचा तुकडा मागे. आई ‘उद्या देईन हं’ म्हणे आणि स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबी. अठराव्या दिवशी पहाटे दादाचे पोट एकाएकी फळीसारखे ताठ झाले. ते उद्या काही आले नाही.

त्या काळी ह्या तापाने शंभरातले दहा ते वीस रोगी जात. म्हणजे आमच्या घरात काही विशेष घडले होते असे नव्हे. आळीतल्या दर दोन-चार घरांआड एखादा दादा गेलेलाच असे.

वास्तविक ह्या रोगाचे मर्म तोवर जगाला कळून साठ-सत्तर वर्षे लोटली होती. विल्यम बड नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८७३ मध्ये पुस्तक लिहून सांगितले होते की, रोग्याच्या मळातले विष पाण्यात उतरते आणि त्या पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जाते. जंतू त्याने पाहिलाही नव्हता. तो १८८० मध्ये एबर्ट ह्या जर्मन शास्त्रज्ञाला दिसला आणि १८८४ मध्ये गाफ्कीने प्रयोगशाळेत वाढवला. एवढे कळल्यावर उपाय उघडच होता: पिण्याचे पाणी आणि मोरीचे पाणी ह्यांची गाठ पडू द्यायची नाही. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहराने पाणी वाळूच्या थरांतून गाळून घ्यायला सुरुवात केली. जर्सी सिटीने १९०८ मध्ये पाण्यात क्लोरीन मिसळायला घेतले. अशा शहरांतून टायफॉईडचे मृत्यू भराभर उतरले. एकही गोळी, एकही सुई रोग बरा करणारी नव्हती, तेव्हाची ही गोष्ट आहे. वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे. पुढचा सगळा पेच ह्यात आहे. त्यांना आधी नळ मिळाला आणि मग औषध. आपल्याकडे औषध आधी आले, आणि ते आल्यावर नळाची घाई कुणाला राहिली नाही.

औषध आले ते असे. व्हेनेझुएलातल्या कराकसजवळची मूठभर माती येल विद्यापीठातल्या पॉल बर्कहोल्डर ह्यांच्याकडे आली होती. तिच्यात बुरशीसारखा दिसणारा एक सूक्ष्म जीव सापडला, आणि त्याच्यापासून डेट्रॉइटच्या पार्क-डेव्हिस कंपनीने एक द्रव्य वेगळे केले. त्याचे नाव क्लोरोमायसेटिन. ही बातमी छापून आली १९४७ मध्ये. दादा गेला त्याच वर्षी! मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून राहिलो.

टायफॉईडवर ते चालते हा शोध तर निव्वळ अपघाताने लागला. १९४८ मध्ये स्मॅडेल, वुडवर्ड वगैरे अमेरिकन डॉक्टरांची तुकडी मलायात कुआलालंपूरला गेली होती, ती झुडपातल्या किड्यांपासून होणाऱ्या टायफस तापावर हे औषध आजमावण्यासाठी. नावे सारखी, रोग अगदी निराळे. टायफसचे समजून औषध दिलेल्या रोग्यांत टायफॉईडचा रोगी निघाला, आणि त्याचा ताप उतरला! मग मुद्दाम टायफॉईडचे रोगी निवडून औषध दिले, तेव्हा तीन-चार दिवसांत ताप खाली. त्याच साली प्रसिद्ध झालेल्या अहवालावर पाच डॉक्टरांची नावे आहेत, आणि त्यांतले शेवटचे नाव आहे मानकीकर. दूर मलायाच्या इस्पितळात ह्या शोधाला आपल्याकडच्या वळणाच्या आडनावाचा माणूस हजर होता, हे वाचून मला उगीचच घरचे कुणी भेटल्यासारखे वाटले. पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, मिल्ड्रेड रेबस्टॉक ही तरुण संशोधिका आणि तिचे सहकारी ह्यांनी ते औषध मातीतल्या जीवावाचून, प्रयोगशाळेत बनवून दाखवले. औषध मुबलक होण्याचा मार्ग मोकळा झाला.

मला टायफॉईड झाला १९५३ मध्ये. आईच्या पाटल्यांपैकी एक मोडली आणि पांढऱ्या कॅप्सुलींची बाटली घरात आली. चौथ्या दिवशी सकाळी अंग गार लागले तेव्हा आईने मला गदागदा हलवून जागे केले. तिला गार अंगाचा निराळाच अर्थ ठाऊक होता. मी डोळे उघडून भूक लागली म्हणालो. त्या दिवसापासून आमच्या घरात देवांच्या खालोखाल क्लोरोमायसेटिनचा मान. डॉक्टरांनी चौदा दिवस घ्यायला सांगितले होते. नवव्या दिवशी मी अंगणात विटीदांडू खेळत होतो. वडील म्हणाले, “आता कशाला? पोर ठणठणीत आहे.” उरलेल्या कॅप्सुली काकूंच्या डब्यात गेल्या. पाटली मोडून आणलेल्या त्या!

त्यांतल्या दोन काकूंनी समोरच्या बिऱ्हाडातल्या मुलाला जुलाब होत होते तेव्हा दिल्या. मुलगा दोन दिवसांत बरा झाला. काकूंची कीर्ती वाढली. तो मुलगा औषध न घेताही दोन दिवसांत बरा झाला असता, हे आज कुणीही डॉक्टर सांगेल. लहान मुलांचे बहुतेक जुलाब आपोआप थांबतात आणि तोवर त्यांना लागते ते पाणी. पण ते तेव्हा कोण सांगणार, आणि सांगितले तरी काकूंसमोर कोण ऐकणार?

आणि सांगितलेच नव्हते असेही नाही. पेनिसिलिनचा जनक फ्लेमिंग ह्याने डिसेंबर १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारतानाच्या व्याख्यानात एका काल्पनिक गृहस्थाची गोष्ट सांगितली होती. घसा दुखतो म्हणून हा गृहस्थ आपल्या मनाने थोडेसे पेनिसिलिन घेतो. जंतू मरत नाहीत, औषधाला सरावतात. तेच सरावलेले जंतू त्याच्या बायकोला जातात आणि तिच्यावर औषध लागू पडत नाही. आमच्या पिंपरीच्या कारखान्यात १९५५ मध्ये पेनिसिलिन तयार होऊ लागले तेव्हा आम्ही पुणेकर छाती फुगवून चाललो, आणि ते योग्यच होते. फ्लेमिंगची ती गोष्ट मात्र त्या अभिमानाच्या गर्दीत आमच्यापर्यंत पोचली नाही.

ती खरी ठरली होती जपानात. युद्ध संपले तेव्हा त्या देशात आमांशाने थैमान घातले होते. सल्फाची औषधे आली, लोकांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि पाच-सात वर्षांत आमांशाचे बहुतेक जंतू सल्फाला दाद देईनासे झाले. मग स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि आपले क्लोरोमायसेटिन आणले. १९५५ च्या सुमारास असे जंतू सापडले की जे ह्या चारही औषधांना एकदम पुरून उरत! इथे शास्त्रज्ञ चक्रावले. एकेक औषधाला जंतू हळूहळू सरावतो हे समजण्यासारखे होते. पण चार कुलपांच्या चार किल्ल्या एकदम हाती कशा येतात? ओचिआई आणि अकिबा ह्या जपानी शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये ह्याचा उलगडा केला. ह्या किल्ल्यांचा जुडगा एक जंतू दुसऱ्याला देतो! तेही जातभाईलाच देतो असे नाही. आपल्या आतड्यात नेहमी मुक्कामाला असणारा, एरवी निरुपद्रवी असा जो जंतू, तो हा जुडगा आमांशाच्या जंतूच्या हवाली करतो. वातानाबे ह्यांनी १९६३ मध्ये इंग्रजीत विस्ताराने लिहिले तेव्हा ते बाकीच्या जगाला पटले.

हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आमचा वाडा आला. संध्याकाळी एखादीचे विरजण बिघडले की ती वाटी घेऊन शेजारणीकडे जाई. एका घरातल्या चमचाभर दह्याने नऊ घरांचे दूध लागत असे. जंतूंचा कारभार नेमका तसा आहे. समोरच्या मुलाने ज्या दोन कॅप्सुली गिळल्या, त्यांनी त्याच्या पोटातले साधे, गरीब जंतू मेले असतील आणि ज्यांच्यापाशी जुडगा होता तेवढे टिकले असतील. त्याला त्याने काहीच झाले नाही. पण विरजण तयार झाले.

मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात १९६९ च्या सुमारास त्याची किंमत मोजावी लागली. आमांशाच्या एका उग्र जातीची साथ आली. डॉक्टर आधी दुसराच रोग समजून औषध देत राहिले, आणि नेहमीची औषधे जंतू जुमानीनात. त्या चिमुकल्या देशात दहा हजारांहून अधिक माणसे गेली.

आम्ही इकडे काय करीत होतो? १२ जुलै १९६१ हा दिवस पुणेकरांना निराळा सांगावा लागत नाही. पानशेत फुटले, खडकवासला फुटले, आणि ज्या शहराच्या रस्त्यांवरून पुरुषभर पाणी वाहिले त्या शहरात दुसऱ्या दिवशी प्यायला पाणी नव्हते. तेव्हा पेशवाईतल्या कात्रजच्या नळाचे हौद पुन्हा आठवले. नानासाहेब पेशव्यांनी दोनशे वर्षांपूर्वी बांधलेल्या पाण्यावर लोकांनी दिवस काढले. आमच्या दंडांत सुया टोचल्या गेल्या, पाणी उकळूनच प्या असे कर्णे ओरडून सांगत होते, आणि आम्ही खरोखरच उकळून पीत होतो. त्या काही महिन्यांत आमच्या आळीइतके पाण्याला भिऊन वागणारे लोक दुसरे नसतील. पुढे नळ सुरू झाले, भीती ओसरली, आणि आम्ही आपले पूर्ववत. मोरीशेजारून जाणारा गंजका नळ तसाच राहिला. ताप आलाच तर क्लोरोमायसेटिन होतेच की! औषधाने आम्हांला दम घ्यायला सवड दिली होती. ती सवड उसनी होती, आणि सावकार दारात यायचा होता.

तो १९७२ मध्ये दोन दारी एकदम आला. मेक्सिकोत टायफॉईडची दहा हजारांवर माणसांना गाठणारी साथ आली आणि तिचा जंतू क्लोरोमायसेटिनला दाद देईना. त्याच वर्षी केरळात कालिकतला पणिक्कर आणि विमला ह्या शास्त्रज्ञांनी असाच जंतू दाखवून दिला. त्याचा जुडगाही इतर जंतूंना देता येण्याजोगा होता. दादाच्या वेळी नसलेले आणि मला वाचवणारे औषध अवघ्या चोवीस वर्षांत म्हातारे झाले.

ह्याच सुमारास, कुणाला फारसा पत्ता न लागता, अगदी उलट वाटेची एक घटना बंगालात घडली. १९७१ मध्ये पूर्व बंगालातून निर्वासितांचे लोंढे आले आणि बनगावच्या छावणीत पटकी लागली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. जमिनीवर ओळीने पडलेली माणसे, आणि त्यांच्यातून गुडघे टेकून फिरणारे डॉक्टर दिलीप महालनवीस. त्यांनी एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण करून पिंपांत भरले आणि नातेवाइकांच्या हाती पेले दिले: पाजत राहा. शंभरात तीस मरत होते ते प्रमाण चारांच्या आत आले. साखर-मिठाच्या पाण्याला कुठला जंतू सरावणार? ते जंतूला मारीतच नाही, माणसाला तगवते. माझ्या आईने लाह्यांच्या पाण्याची वाटी दादाच्या ओठांशी धरली होती, तिला एवढे समाधान मिळायला हवे होते की तिचा हात योग्य दिशेनेच गेला होता. महालनवीसांना सरकारने पद्मविभूषण दिले ते २०२३ मध्ये. ते आधीच्याच वर्षी वारले होते. असो.

१९९१ मध्ये माझ्या मुलाला मुंबईत टायफॉईड झाला. मी निश्चिंत होतो. सासरी गेलेल्या मुलीला पत्रातदेखील ‘काळजीचे कारण नाही’ असेच लिहिले. क्लोरोमायसेटिन दिले; पाच दिवस झाले तरी ताप एकशेतीनवर. ॲम्पिसिलिन, सेप्ट्रान, कशाचा उपयोग नाही. तिन्ही औषधांना एकदम न जुमानणारा टायफॉईड त्या वर्षांत आपल्या अनेक शहरांत पसरला होता. अकराव्या रात्री मी त्याच्या खाटेशी बसून बोटांवर दिवस मोजीत होतो, अठरापर्यंत. सिप्रोफ्लॉक्सॅसिन नावाचे त्या वेळचे नवे औषध डॉक्टरांनी सुरू केले आणि तो वाचला. डॉक्टर तरुण होते. मी त्यांना विचारले, “डॉक्टरसाहेब, हेही चालेनासे झाले तर?” ते म्हणाले, “काका, तोपर्यंत दुसरं येईल.”

आले. सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे बळ दहा वर्षांत ओसरले, तेव्हा सेफ्ट्रायॅक्सोनच्या सुया आल्या. मग २०१६ च्या अखेरीस हैदराबादेत (आपल्या दख्खनच्या नव्हे, सिंधमधल्या) असा टायफॉईड निघाला की ज्याच्यावर सेफ्ट्रायॅक्सोनही चालेना. तोंडाने घेण्याजोगे बहुधा एकच औषध उरले, ॲझिथ्रोमायसिन. शास्त्रज्ञांनी त्या जंतूची कुंडली मांडली, तर त्याने हा नवा जुडगा मिळवला होता तो बहुधा आतड्यातल्या त्याच नेहमीच्या पाहुण्याकडून. जपानातलेच विरजण! आणि साथ पसरली कशाने? पाण्याने. विल्यम बडला जाऊन तोवर १३६ वर्षे झाली होती.

एक मौज सांगायची राहिली. आपल्याकडे क्लोरोमायसेटिन फारसे कुणी वापरीनासे झाल्यावर त्याला बळी पडणारे टायफॉईडचे जंतू पुन्हा मोठ्या प्रमाणावर दिसू लागले. कुलूप कुणी लावीतच नसेल तर किल्ली बाळगण्याचे ओझे जंतूही टाळतो. पण त्या औषधाने क्वचित एखाद्याच्या हाडांतली रक्त तयार करण्याची शक्तीच नष्ट होते, म्हणून डॉक्टर त्याच्याकडे सहसा परत वळत नाहीत.

वाडा २००६ मध्ये पाडला. फडताळ रिकामे करताना डबा सापडला. काकूंच्या अक्षरातल्या पुड्या तशाच होत्या. ‘तापाच्या’ लिहिलेल्या पुडीत सहा कॅप्सुली, पिवळ्या पडून एकमेकींना चिकटलेल्या. त्या माझ्याच, असे मला वाटते. खात्री कशी देऊ? मी त्या मोरीत टाकून वर पाणी ओतले. मोरीतून त्या मुठेत गेल्या असतील. औषधे अशी टाकू नयेत, पाण्यातही जंतू त्यांना सरावतात, हे मला त्यानंतर कळले.

धाकटी मुलगी नेरुळला राहते. २०१८ च्या पावसाळ्यात नवी मुंबईच्या महापालिकेने नऊ महिन्यांपासून चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना टायफॉईडची नवी लस फुकट टोचायला घेतली. ही लस हैदराबादेत बनलेली, आणि हे हैदराबाद आपले. सरकारी खर्चाने ती देणारे देशातले हे पहिलेच शहर. मी तिथे गेलो होतो, म्हणून नातीला घेऊन केंद्रावर मीच गेलो. नात नऊ वर्षांची. रांगेत बायाबापड्या, कडेवरची पोरे, एकच गलका. नातीने सुई टोचताना हूं की चूं केले नाही. बाहेर आल्यावर कोपऱ्यावर काला-खट्टाची गाडी पाहून मात्र तिने माझा हात ओढला.

“आजोबा, आता सुई घेतली ना? आता गोळा खाल्ला तर चालेल ना?”

बर्फ कुठल्या पाण्याचा, असे मी गाडीवाल्याला विचारले. तो म्हणाला, “नळाचा आहे, आजोबा.” मी तिला शहाळे घेऊन दिले. ती घरापर्यंत माझ्याशी बोलली नाही.